खुर्शीदबीचा हात

उजव्या अंगठ्याचं नख, सुईनं टोचल्यासारखं खड्डे पडलेलं.

काळ्या ओढणीच्या खांद्यावर पांढरा भुसा.

पहाटेचा चहा, दोन्ही तळव्यांत धरलेला.

वसमतच्या गाडीतून उतरताना टाचेत कळ.

हे सगळं एकाच बाईचं होतं, आणि ते एकच आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"खुर्शीद, काहून थांबलीस?" सखुबाई म्हणाली. तिच्या नातीला, मंजुषाला, लग्नाचा चुडा भरणं चाललं होतं. कुरुंद्यात तीस वर्षं चुडा खुर्शीदबीच भरायची. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की नवरीचा हात लोण्यासारखा व्हायचा, बांगडी आपसूक चढायची. आज चार चढल्या. पाचवी दाबताना खुर्शीदबीचं बोट वळलंच नाही. काच कडकन गेली.

"वाढली," सखुबाई घाईनं म्हणाली. चुड्यातली बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. मग तिचा तोल सुटला. "बोट हाय का हळकुंड, गं? असं झालं तर उद्या कोण हात देईल तुला?"

खुर्शीदबीलाही तीच भीती होती.

मंजुषानं हात काढला नाही. ती नांदेडला नर्स होती. तिनं खुर्शीदबीचाच हात उलटा करून पाहिला.

"चाची, सकाळी बोटं किती वेळ आखडून राहतात?"

"भाकरी व्हईस्तोवर."

"टाच दुखती?"

खुर्शीदबी दचकली. "तुला कोण सांगितलं?"

"बाही वर घ्या."

तिनं घेतली नाही. अकरा वर्षं बोटांसाठी वसमतला हाडांचे डॉक्टर, कोपरासाठी परभणीच्या हकिमाचं मलम. याचं त्याला कधी सांगितलं नाही. कातडीचा रोग असलेल्या बाईकडून बांगड्या कोण भरून घेतं?

मंजुषानंच बाही सारली. चंदेरी खवले. सखुबाई पदर आवरून मागं सरकली.

"लागट न्हाई, आजी. सोरायसिस हाय. कातडीचं आन सांध्याचं, दोन्ही एकच दुखणं."

"मंग दवा घेतली तर हात बराबर चालंल?" खुर्शीदबीनं विचारलं.

मंजुषानं ते बोट हलकेच सरळ करून पाहिलं. "पुढचं थांबंल, चाची. वाकडं झालेलं सरळ व्हणार न्हाई."

"वसमतची बांगडीवाली बोलवा रे कोणी," सखुबाईनं दाराकडे तोंड करून सांगितलं.

खुर्शीदबी सतरंजीवरच्या काचा वेचू लागली. एकेक तुकडा चिमटीत यायला वेळ लागत होता. कोणी मदतीला वाकलं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

त्या सकाळी घरून निघताना तिनं दोन्ही कोपरांना खोबरेल चोळलं होतं, नवरीच्या साडीवर काही गळू नये म्हणून.