नातीचं सोंग

हॅलोविनच्या संध्याकाळी सोंगं घेतलेली पोरं दाराशी येऊ नयेत म्हणून आजीने दरवर्षीसारखा दारावरचा दिवा मालवला. भुताखेतांची सोंगं ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यात नकोत, यावर ती ठाम होती.

बेल वाजली.

"आई, उघडा ना. तुमची नात सोंग दाखवायला आलीय," बाहेरून सून म्हणाली. "एवढ्याने काही घर बाटत नाही तुमचं."

"आधी ते उतरव म्हणावं, मग उघडते."

बाहेर कुजबुज झाली. जरा वेळाने आजीने दार उघडलं. नातीच्या केसांना पावडर फासून अंबाडा घातला होता. आजी प्रयोगशाळेत आयुष्यभर घालायची तसला पांढरा कोट ती अंगातून काढत होती.

"मी तू झाले होते," नात म्हणाली.

"घाल गं पुन्हा. बघू दे मला."

नातीने नकारार्थी मान हलवली आणि कोट आईच्या हातात दिला.