कारल्याची भाजी कळकली नव्हती

मी डबा बोलतोय. चार पुडांचा, पितळी, डोक्यावर कडी असलेला. हल्ली मला बघून पोरंसोरं ‘अँटिक’ म्हणतात. म्हणोत बापडी. मी जबलपूरच्या तोफा केल्यात, माहीत आहे? म्हणजे तोफा करणाऱ्या माणसाला रोज जेवू घातलंय. एकच झालं ते.

पण आज बढाई मारायला बसलेलो नाही. माझ्यावर साठ वर्षांपूर्वी एक आळ आला होता. ज्यांच्यासाठी मी गप्प राहिलो ती माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा बोलून टाकतो.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासारांच्या हातोड्याखालून मी निघालो आणि तुळशीरामजी नावाच्या गृहस्थांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं. लेकीचं नाव सत्यवती. छोट्या लाइनच्या गाडीतून ती, मी आणि एक ट्रंक असे आम्ही जबलपूरला, गढा नावाच्या वस्तीतल्या तिच्या सासरी येऊन पोचलो. घरात माणसं मोजकी. नवरा मुरलीधर तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होता. सासू नर्मदाबाई, गळ्यात तुळशीची माळ आणि जीभ तिखट. हाताला मात्र चव होती बाईंच्या, ते कबूल केलं पाहिजे.

भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. सत्यवती मासे आणि झिंगे खाऊन वाढलेली. या माळकरी घरात माशाचं नावसुद्धा निघत नसे. तिला कोणी बंदी केली असंही नाही; कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सांगायची ती फक्त मला. दुपारी मोरीवर चिंचेनं मला घासता घासता पुटपुटायची, “बाजारात झिंगे आले असतीन आता. माय कशी परतायची जवसाच्या तेलात!” अकरा वर्षं मी हे ऐकलं. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि मला तर चार तोंडं.

त्या अकरा वर्षांत चीनची लढाई झाली, मग पासष्टची झाली. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी लागली. मुरलीधरच्या सायकलीला लटकून मी रोज जायचो. घणांच्या आवाजात माझी झाकणं थरथरत, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी आतली भाजी कोमट राखायचो. माझ्यात ठेवलेलं कधी खराब झालं नाही. घरी मात्र सत्यवती सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलेलं, गार झालेलं. नवरा-बायकोनं एका वेळी पानावर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

“लढाई संपू दे,” मुरलीधर एकदा म्हणाला होता, “तुले समुद्र दाखवतो.” पुरुष असं पुष्कळ काही म्हणतात. पण लढाई संपली, आठ दिवसांची रजा मिळाली आणि गडी खरोखरच तिकिटं घेऊन आला. त्याच्या आंध्रातल्या फोरमनचा एक नातेवाईक विशाखापट्टणमला बंदरासमोर हॉटेल चालवत होता. दोन रात्रींसाठी खोली ठरली. मी फळीवरून उडीच मारणार होतो!

नर्मदाबाईंनी मला खाली घेतलं आणि फर्मान काढलं. “बंदरावरचं हॉटेल ते. सगळं मासळीचंच असन. परक्याच्या चुलीचं काही खायचं नाही. मी भरून देते.” मग कमानिया गेटजवळच्या कल्हईवाल्याकडे नेऊन मला ताजी कल्हई करून आणली. दोन पुडांत दशम्या, एकात तिळाची चटणी आणि लोणचं, आणि वरच्या पुडात त्यांची ती प्रसिद्ध कारल्याची भाजी. आमचूर लावून, तेलात खमंग परतलेली. तिला पाच दिवस काही होत नसे. वाटेत खायला पुऱ्यांचं गाठोडं वेगळं. थोडक्यात, घराचा नियम माझ्या पोटात भरून त्यांनी आम्हाला रवाना केलं.

गोंदियाला गाडी बदलली, रायपूरला बदलली, आणि एका सकाळी आम्ही पोचलो. काय सांगू तुम्हाला! खोलीच्या खिडकीतच बंदर. गढ्यातल्या अख्ख्या गल्लीएवढी जहाजं, आणि हत्तीला उचलतील असे क्रेन. एका जहाजानं भोंगा दिला तशी माझी कडी खुळखुळली. कारखान्याचा भोंगा ऐकत जन्म गेला माझा, पण तो कामावर बोलावणारा. हा कुठंतरी लांब चला म्हणत होता. सत्यवती खिडकीला धरून उभी राहिली ती पदर उडाला तरी तिला शुद्ध नाही.

आणि मग खालून वास आला. नेमकं आमच्या खोलीखाली स्वयंपाकघर! चिंच, लाल मिरची, कढीलिंब आणि त्यात शिजणारा मासा. सत्यवतीनं डोळे मिटले. मग डोळे उघडले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि माझं झाकण काढलं.

दशमी आणि कारलं खाणं चालू असतानाच दारात वाढपी आला. नायडू त्याचं नाव. “अम्मा, खाना कमरे के साथ ही है. नीचे टेबल लगा है.”

“नहीं भैया,” मुरलीधर म्हणाला, “हम घर का लाए हैं.”

नायडूनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचा अपमान केला. संध्याकाळी तो पुन्हा आला, पुन्हा तसाच परत गेला. समोर समुद्र, खाली मेजवानी आणि वर आम्ही कारलं चावतोय. मी घराचा इमानी चाकर खरा, पण त्या दिवशी माझीच मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवतीनं वरचं पूड उघडून नाकाशी नेलं. मी निश्चिंत होतो. तेवढ्यात खिडकीतून तळणीचा वास आला. तिनं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, भाजी कळकली वाटते.”

मी सुन्न झालो. कल्हई गेली की पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हिरवट आणि कडवट होतो. ते भिकार भांड्यांचं लक्षण. आणि माझी कल्हई तर आठवड्याचीसुद्धा झाली नव्हती! नाव सत्यवती, आणि चेहरा इतका सरळ ठेवून खोटं! तेही आपल्या माहेरच्या डब्यावर! मला ओरडावंसं वाटलं, पण डब्याला कुठला आवाज.

“बरं, तू हात धुऊन ये,” मुरलीधर म्हणाला. ती व्हरांड्यातल्या नळावर गेली. त्यानं गुपचूप माझं वरचं पूड उघडलं, कारल्याचा एक काप तोंडात टाकला आणि चावला. मग दुसरा काप खाल्ला. मी म्हटलं, चला, सुटलो, आता न्याय होणार. त्यानं झाकण लावलं आणि बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिला.

ती आल्यावर एवढंच म्हणाला, “चल खाली. कोरडी दशमी कोण खाईन?”

उरलेलं काढून मला खाली गरम पाण्यानं धुऊन घ्यायचं म्हणून तिनं मलाही सोबत घेतलं, आणि म्हणून मला ते जेवण बघायला मिळालं. केळीची पानं. वाफाळता भात, त्यावर तूप, वरण, अंबाडीची आंबट चटणी. नायडूचा चेहरा फुलला होता. त्यानं विचारलं, “अम्मा, मछली?”

सत्यवतीनं मान खाली घातली. ती ‘नाही’ म्हणणार होती, मला तिची मान ओळखू येते.

“दीजिए इनको,” मुरलीधर म्हणाला. “जो-जो बना है, सब.”

तिनं चमकून वर पाहिलं. पानावर तळलेले तुकडे आले, लालभडक कालवण आलं, आणि झिंगे आले. झिंगे, भंडाऱ्याच्या तलावातल्यांपेक्षा दुप्पट मोठे! पहिला घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीनं असेल, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

“अकरा वर्षं काहून नाही सांगितलं वं?” त्यानं हळूच विचारलं.

“कोणी विचारलं नाही.”

तो स्वतः वरणभात खात होता, पण लक्ष सगळं तिच्या पानावर. आणि मग सत्यवतीनं, जिचा जन्म दुसऱ्यांना ‘वाढू का?’ विचारण्यात गेला होता तिनं, मान वर करून नायडूला सांगितलं, “भैया, झिंगा और देना.” तिनं तीनदा मागून घेतलं! संध्याकाळी पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला निघण्याआधी पुन्हा. मी रिकामा होतो, पण माझंच पोट भरल्यासारखं वाटत होतं.

घरी पोचलो. नर्मदाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “भाजी पुरली काय?”

सत्यवतीचा चेहरा उतरला. मुरलीधर बूट काढता काढता म्हणाला, “नाही माय. कळकली होती. मी चाखून पाहिली.”

सत्यवती त्याच्याकडे बघतच राहिली. त्यानं कधी चाखली, हे तिच्या ध्यानात आलं असावं, कारण कानापर्यंत लाल झाली.

“भंडाऱ्याचं पितळच तसलं,” नर्मदाबाई फणकारल्या. महिन्याभरात स्टीलचा चकचकीत डबा आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. अकरा वर्षांची चाकरी, आणि शेवटी हा आळ! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. कारखान्याचा भोंगा झाला की मी तिथं नुसता कुढत बसायचो.

एका रविवारी मुरलीधर पडवीत आला, मला सायकलीला अडकवलं आणि खमरियाला दत्तबाबू नावाच्या बंगाली सोबत्याच्या घरी नेलं. वहिनींनी माझी चारही पुडं भरली. मोहरीतला रोहू! गरम, झणझणीत! देवघराच्या फळीवरच्या सोवळ्या डब्याला हे भाग्य कधी मिळालं असतं का? परतताना सायकल पळत होती आणि माझी कडी वाजत होती.

त्यानं मला पडवीतच सत्यवतीपुढे ठेवलं. “आधी तू जेव,” म्हणाला, “मग आमचं पाहू.” पुढं कित्येक वर्षं महिन्यातून एकदा आमची ही फेरी होत राहिली. नर्मदाबाईंना वास येत नव्हता थोडाच! पण त्या रविवारी बरोबर दुपारी त्या माळ सावरत म्हणायच्या, “मी देवळात जाऊन येते,” आणि चांगल्या दोन तासांनी परतायच्या.

आता मी जबलपुरातच राइट टाउनमध्ये, सत्यवतीला पुढं झालेल्या लेकीच्या, प्रतिमाच्या घरी असतो. तिनं मला चकाकवून काचेच्या कपाटात ठेवलंय. बरी आहे पोर, पण माझा जीव तिथं गुदमरतो. मला बाहेर काढा, कल्हई करा आणि काहीतरी गरम भरा. आणि मला उघडलंत की पहिला घास, जिनं रांधलं तिला द्या.