पूल आधी की आजोबा

ऐक, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे. उद्या माझी विद्यापीठात मुलाखत आहे ना, इतिहासाच्या प्रवेशाची? तर काल आत्याने मला तिच्या पार्लरच्या खुर्चीत बसवलं. तिची कात्री आणि तोंड एकदमच चालतं. म्हणाली, "विचारतील, इतिहासच का? तेव्हा माझ्या पुलाचं सांग."

तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट पाठ आहे. पूल सुरू झाला त्या दिवशी 'आमच्या बाबांनी', म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला खांद्यावर घेऊन तो दाखवला. तिने त्यांच्या कोटाची कॉलर घट्ट धरली होती. ही गोष्ट सांगताना मीही तिच्यासारखं 'बाबांनी'च म्हणते. वडिलांची एवढी एकच आठवण आहे तिच्याकडे. तीच ऐकून ऐकून मला इतिहासाचं वेड लागलं, खोटं कशाला बोलू!

"वर्ष तेवढं नीट बघून ये, नाहीतर तोंडघशी पडशील," म्हणाली.

म्हणून गेले. पुलाच्या कठड्यापाशी दगड आहे बघ, त्यावर वर्ष कोरलंय. वाचलं आणि उडालेच मी. आजोबा गेले त्यानंतर दोन वर्षांनी पूल झाला! आजोबा गेले तेव्हा बाबांची शाळा सुटली, त्यामुळे ते वर्ष आमच्या घरात सगळ्यांना माहीत. पण आत्याने दोन्ही वर्षं कधी शेजारी ठेवून बघितलीच नाहीत.

तशीच धावत बाबांच्या चष्म्याच्या दुकानात. बाबा काडीचा स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "लागला का शोध?"

म्हणजे यांना माहीत होतं!

"आधी वडिलांना खांदा दिला, मग हिला," म्हणाले. "थंडी होती, त्यांचाच कोट घातला होता मी. तीन वर्षांची पोर, तिला वरून माझं तोंड कुठे दिसतंय? हाक मारली, 'बाबा'. मी ओ दिली."

"मग नंतर सांगायचं ना!"

"सांगून तिच्याकडे काय उरलं असतं?"

अगं, मी स्टुलावर बसलेच. दगड खरा, आणि आत्याही खोटारडी नाही. मग इतिहासात लिहायचं काय? आधी मला नुसत्या गोष्टी आवडायच्या. आता हे शिकायचंय.

तेवढ्यात आत्याचाच फोन. "मिळालं वर्ष?"

"मिळालं. आणि तुला खांद्यावर घेतलं होतं, तेही खरंय."

"कुणी, ते नाही बोललीस."

कान भारी तिखट तिचे! बाबांचा हात थांबला.

मी म्हटलं, "बाबांनी."

खरंच बोलले ना? माझ्या बाबांनीच तर घेतलं होतं. तिने तिचे बाबा ऐकले. खूश होऊन फोन ठेवला. एक शब्द खोटा नाही, आणि तरी फसवलंच की तिला. उद्या ती मुलाखतीच्या दाराबाहेर बसणार आहे, मी बाहेर आले की शब्दन् शब्द विचारणार. तू असतीस तर काय सांगितलं असतंस गं?