चौथी सही

बोलणं लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा धर्मशास्त्राचे प्राध्यापक वाक्याच्या मधोमध होते. ते तिथेच थबकले. सव्वीस वर्षांत चर्चा चालू असताना ती पेन्सिल थांबलेली कुणी पाहिली नव्हती.

"टोक मोडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. मला एक विचारायचंय."

त्या अभ्यासकेंद्रात महिन्यातून एकदा तिघं जण समोरासमोर बसत. देव मानणारे हे प्राध्यापक, न मानणारे एक निवृत्त डॉक्टर आणि निराळ्याच धर्माच्या एक विदुषी. खोलीत रेकॉर्डर आणायचा नाही हा त्यांचा जुना नियम. यंत्रासमोर माणूस जपून बोलतो म्हणे. त्यामुळे सगळी भिस्त बाईंच्या लघुलिपीवर. प्राध्यापकांच्या 'एका अर्थाने'साठी आणि डॉक्टरांच्या 'पुरावा काय?'साठी त्यांनी एकेक खास रेघ ठरवून टाकली होती, नाहीतर हाताचे तुकडे पडले असते. कृपा, विवेक, मुक्ती, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. डोक्यात मात्र काही शिरत नसावं असा तिघांचा समज होता, आणि बाईंनी तो कधी खोडून काढला नव्हता.

पण नवरा जाऊन दीड महिना झाला होता. आज विचारायचंच, असं ठरवून, प्रश्न वहीत आधीच उतरवून त्या घरून निघाल्या होत्या.

"माझे मिस्टर काहीच मानत नव्हते. मी मानते. तर आम्ही पुन्हा भेटू का?"

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "एका अर्थाने—"

"एका अर्थाने नको सर. ते मी पुष्कळ लिहिलंय. सरळ सांगा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भेटाल अशी आशा आहे. पण पुस्तकांत मी जितकं ठासून लिहिलंय, तितकं मला माहीत नाही हो."

"माझं उत्तर तुम्हाला पाठच असेल," डॉक्टर म्हणाले. "नाही." मग आवाज उतरला. "बायको जाऊन नऊ वर्षं झाली. अजून दार उघडलं की 'आलो गं' म्हणतो. का ते विचारू नका."

विदुषींनी खुर्ची जवळ ओढली. "आमच्याकडे याचं उत्तर आहे, पण ते आज तुमच्या कामाचं नाही. मिस्टर कसे होते ते सांगा."

बाई सांगू लागल्या. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. चिडके होते, पेपर मागच्या पानापासून वाचायचे. "आणि मी हात जोडले की रेडिओचा आवाज बारीक करायचे. मी कधी सांगितलं नव्हतं." एवढं बोलून त्या रडल्या. तासभर चौघंही बोलत होते, आणि लिहून घेणारं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केंद्राचे सचिव टाईप केलेला मजकूर घेऊन आले. "बाई, हे काय? लघुलेखिकेचं बोलणं नोंदीत येत नाही. आणि नुसता प्रश्न? उत्तरं कुठायत?"

"लिहिली नाहीत. ऐकत होते."

"मग आठवून लिहा."

"जे वहीत उतरलं नाही ते मी कधी टाईप केलेलं नाही."

"तर प्रश्नही काढा. नाहीतर 'एका श्रोत्याने विचारले' असं घाला."

"श्रोता नव्हताच कुणी. मी होते. काढायचा असेल तर खुशाल काढा, पण पुढच्या महिन्यापासून दुसरी लघुलेखिका बघा."

सचिवांनी कपाळाला हात लावला आणि तिघांना बोलावून घेतलं. छापण्याआधी प्रत्येक वक्ता शेवटच्या पानावर सही करत असे. त्याशिवाय नोंद पक्की होत नसे. प्राध्यापकांनी ते पान दोनदा वाचलं.

'लघुलेखिका : माझे मिस्टर काहीच मानत नव्हते. मी मानते. तर आम्ही पुन्हा भेटू का?

उत्तरे झाली. नोंद झाली नाही.'

"यातला एक शब्दही हलवायचा नाही," ते सचिवांना म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग विदुषींनी केली, मग डॉक्टरांनी. डॉक्टरांनी कागद बाईंपुढे सरकवला. "बोललात ना? मग करा सही."

बाईंनी तीन सह्यांखाली पट्टीने चौथी रेघ आखली. एरवी त्या सही करताना मधलं नाव एका अक्षरात उरकत. आज त्यांनी आपलं नाव लिहिलं, मग नवऱ्याचं पूर्ण नाव, सावकाश, आणि मग आडनाव.