पेटलाय की नाही?

मी टेस्टर बोलतोय. पण आधी बटण बंद आहे ना, ते बघून घ्या. रागावू नका, संशय घेणं हाच माझा धंदा. वायरमन ज्या तारेला ‘मेली’ म्हणतो, तिलाही मी टोचून बघतो. माझ्या पोटात एवढासा दिवा आहे आणि डोक्यावर धातूची टोपी. टोपीवर बोट ठेवलं आणि तारेत वीज असली, की मी लाल पेटतो.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो वायरमनच्या शर्टाचा खिसा. तिथे मी आणि एक पेन्सिल सुखानं नांदत होतो. मग त्याला खोकला लागला, क्षय निघाला आणि खिशात गोळ्यांची पाकिटं राहायला आली. ती मला पहिल्यापासूनच पटली नाहीत. पण खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, म्हणून मी गप्प बसलो.

काही महिन्यांनी कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटू लागलं. वायरमन दुकानदाराशी भांडला, “हल्ली वायरीला रंगसुद्धा धड देत नाहीत!” घरातले बल्ब मंद म्हणून बदलले. चष्म्याला नावं ठेवली. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “नजरेत फरक वाटला तर लगेच या.” यानं मान हलवली होती. डॉक्टरांपुढे मान हलवायला माणसांना काही कष्ट पडत नाहीत.

एका दुपारी त्यानं घरच्या इस्त्रीला नवी वायर जोडली आणि विजेची लाल व अर्थिंगची हिरवी अशा तारांची अदलाबदल झाली; बटण दाबताच वीज थेट पत्र्यात उतरली. सवयीनं त्यानं मला इस्त्रीच्या पत्र्याला लावलं. मी जीव तोडून पेटलो.

“काही नाही. घे, कर इस्त्री,” तो बायकोला म्हणाला.

तिनं हात पुढे केला आणि थबकली. “अहो, पेटलाय की तो!”

“कुठे? टेस्टरच गेला असेल.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा असा संताप झाला म्हणून सांगू. तिनं आधी प्लग उपसला, मग तारा त्याच्यापुढे धरल्या. “ही कुठल्या रंगाची?”

“मळकी.”

“आणि ही?”

“तीपण मळकीच गं,” म्हणत तो खालीच बसला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. त्याला त्यातला एकही आकडा धड ओळखता आला नाही. “क्षयाच्या गोळ्यांतली एक कधीकधी डोळ्याच्या नसेला बाधते. तुमच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून ती आजच थांबवू. बाकीच्या मनानं सोडू नका. नजर बहुतेक परत येईल, पण सावकाश. तोवर विजेला हात लावायचा नाही.”

तेव्हापासून तो घरीच. रोज सकाळी मला सॉकेटमध्ये घालतो आणि बायकोला विचारतो, “पेटलाय का?” कामावाचून तो पार कोमेजलाय. मलाही बघवत नाही.

आज मात्र त्यानं विचारलंच नाही. “पेटला! लालभडक दिसतोय. उद्यापासून कामाला जातो.”

मी पेटलोच नव्हतो. बायकोनं मघाशीच हळूच बटण बंद केलं होतं.

ती भांडली नाही. तिनं मला त्याच्या हातातून घेतलं, बटणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “उद्या परत बघू.” मग मला आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

वायरमनदादा, माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण नजरेबद्दल खोटं बोलू नका. वीज तुमचा शब्द मानत नाही. या घरात संशय घेणारा मी एकटा नाही, हे आज कळलं आणि इथे अंधारात मला पहिल्यांदाच हायसं वाटलं.