उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

“असं शहर पडत न्हाई,” यल्लाप्पा म्हणाला आणि त्यानं चहाची बशी खाली ठेवली.

वल्लरीचं वाचन थांबलं. सन अकरा हजार चारशेमधलं ते शहर शनीच्या कुठल्याशा चंद्रावर होतं, त्याच्याभोवती वेढेकऱ्यांची फौज पडली होती आणि तटाला सातवं भगदाड पडायच्या बेतात होतं. वेढेकरी म्हणजे तिनंच रचलेले सैनिक. ते ओरडत नाहीत, लुटत नाहीत, कैदी ठेवत नाहीत. शांतपणे खंदक खणतात, मापं घेतात, शहर पाडतात आणि पुढच्या शहराकडे निघतात. नव्याण्णव शहरं त्यांनी अशी पाडली होती. वल्लरी बेंगळूरच्या इंदिरानगरमधल्या एका कंपनीत गेमसाठी गोष्टी लिहायची, आणि शंभराव्या शहरापुढे हे वेढेकरी हरतात कसे, ते तिला सोमवारपर्यंत ठरवून द्यायचं होतं. तिनं एका सैनिकाला रडवून पाहिलं होतं. तिचा साहेब अभिजीत त्यावर हसला होता. ज्यांना काळीजच नाही त्यांना पाझर कसा फुटेल, असं त्यानं विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

म्हणून शनिवारी सकाळी ती मल्लेश्वरममधल्या आपल्या इमारतीच्या मागच्या अंगणात विठाबाईच्या हातचं उप्पीट खात बसली होती. विठाबाईचा नवरा यल्लाप्पा कडोलकर इमारतीची मोटर, टाक्या आणि नळ सांभाळायचा. मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. मूळचा बेळगावकडचा, वय बासष्ट, सगळा जन्म पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात गेलेला. वल्लरीच्या लढाया तो मन लावून ऐकायचा आणि तिला सुचणार नाहीत त्या शंका काढायचा. एवढ्या फौजेचं सांडपाणी जातंय कुठं, हे त्यानं गेल्या आठवड्यात विचारलं होतं, आणि त्यापायी तिची एक अख्खी छावणी रद्द झाली होती.

“मग कसं पडतं, काका?”

“पाणी तोडायचं. भिंत कशाला फोडाय पायजे? पाच-सहा दिवस लागतात. माणसं आपणहून उठून जातात बगा.”

हे तो इतक्या सहज बोलला की तांदूळ निवडणाऱ्या विठाबाईनं मान वर केली. तुम्हाला कसं माहीत, असं वल्लरीनं विचारलं. यल्लाप्पा उठला आणि मोटर लावायची आहे म्हणून निघून गेला. मोटरची वेळ व्हायला अजून तासभर होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मोटरच्या खोलीत कोपऱ्याला त्याची चावी टेकून उभी होती. चार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. खड्ड्यातला व्हॉल्व्ह उभ्यानं फिरवायला व्हॉल्व्हमन लोक वापरतात तशी. कालच आनेकलच्या पलीकडच्या एका वस्तीतून सोयराबाई नावाच्या म्हातारीचा फोन आला होता. आमची नवी टाकी बांधून झाली, रविवारी पाणी सोडायचंय, तुम्हीच या अण्णा, तुमच्या हातानं सोडायचं. त्यानं गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं. आता त्यानं चावीच्या मुठीवरची धूळ पुसली. मग परत अंगणात येऊन बसला आणि नऊ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यानं सांगायला घेतली.

तेव्हा तो तिकडे एका खासगी वसाहतीत व्हॉल्व्हमन होता. दीडशे बंगले. ते बांधणारे गवंडी आणि मजूर कडेलाच पत्र्याच्या चाळीस घरांत राहत होते. काम संपल्यावर ही जागा तुमची, असा शब्द त्यांना सुरुवातीलाच दिला होता. बंगले उभे राहिले तसा तो शब्द सगळे सोयीस्करपणे विसरले. वसाहतीचा व्यवस्थापक कार्तिक नावाचा, शिकलेला, हळू बोलणारा. त्यानं ना पोलीस बोलावले, ना कुणाच्या घराला हात लावला. यल्लाप्पाला बोलावून एवढंच सांगितलं की पत्र्याकडची लाइन बंद कर, सहा दिवसांत जागा मोकळी होईल.

“आणि तुम्ही केली?” वल्लरीनं विचारलं.

“केली की. नोकरी हुती.”

पाच दिवस त्यानं बायकांना दगडाच्या खाणीतून घागरी आणताना पाहिलं. मान खाली घालून त्यांच्या शेजारून गेला. पण चाळीसातलं एकही घर हललं नाही. सहाव्या दिवशी कार्तिकला संशय आला की व्हॉल्व्ह नीट बसला नसणार, आतून पाणी झिरपत असणार. तो स्वतः खड्ड्यापाशी आला आणि यल्लाप्पाच्या हातातून त्यानं चावी ओढून घेतली.

आता त्या व्हॉल्व्हची एक गंमत होती. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला तो जुना व्हॉल्व्ह, त्याचे आटे उलटे. सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा डावीकडे बंद व्हायचा. हे एकट्या यल्लाप्पाला माहीत होतं. कार्तिकनं आपल्या परीनं घट्ट करायला म्हणून तो उजवीकडे फिरवला. आठ आटे. शेवटी चावी अडली तसा तो समाधानानं म्हणाला, बघ, आता बसला. हात पुसले आणि चार दिवस म्हैसूरला लग्नाला गेला.

“पाणी सुरू झालं?”

“धो धो. मी बगत उभारलो. तोंड उघडलं न्हाई.”

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून पाहणीला माणसं आली. चाळीस घरं, चालू नळ, नळावर रांग, असं सगळं कागदावर उतरलं. इथं कुणी राहतच नाही, असं म्हणायची मग कुणाची छाती झाली नाही. जागा वाचली. कार्तिक परतला, पाणी यल्लाप्पानंच सोडलं असं त्यानं धरलं आणि यल्लाप्पाची नोकरी गेली. वस्तीनं त्याचा सरळ अर्थ लावला. अण्णानं आमच्यासाठी पाणी सोडलं आणि नोकरी गमावली. तेव्हापासून दर उगादीला, म्हणजे पाडव्याला, वस्तीकडून होळग्यांचा, तिकडच्या पुरणपोळ्यांचा, डबा यायचा. यल्लाप्पा त्यातली एकही खायचा नाही. साखर वाढलीय म्हणायचा आणि डबा इमारतीत वाटून टाकायचा.

विठाबाईच्या सुपातले तांदूळ तसेच राहिले होते. “म्हंजे पाणी तुमी सोडलंच न्हाई?”

“न्हाई. बंद मात्र मीच केलं.”

वल्लरीच्या हाती तिचा शेवट आयता आला होता. नव्याण्णव शहरं पाडणारा सेनापती, आपल्या माणसावर विश्वास न ठेवता स्वतः चाक फिरवणारा, आणि बाजूला गप्प उभा असलेला एक साधा वेढेकरी. तिनं अवघडत विचारलं, हे मी घेऊ का? घे की, तो म्हणाला. मग त्या सैनिकाला काय नाव देऊ, असं तिनं विचारलं, तर त्यानं मान हलवली. नाव नको. त्यानं काय केलं? गप्प बसला.

“आणि पुढे त्याचं काय होतं, काका?”

प्रश्न सैनिकाचा होता, पण यल्लाप्पाला तो स्वतःचाच वाटला. बेंगळूरात इतकी वर्षं काढली, पण तो आला की चार माणसं उठून उभी राहतात अशी जागा एकच होती, आणि ती खोट्यावर उभी होती. खरं सांगितलं तर तीही जाणार. विठाबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिला राग आला होता, आणि तिचा राग नेहमी कामाला लागायचा. उद्या जावा आणि सांगून या, एवढंच ती म्हणाली.

रविवारी मॅजेस्टिकहून आनेकलची बस निघाली तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली चावी यल्लाप्पाच्या पायांशी होती आणि शेजारी वल्लरी. कंडक्टर कन्नडमधून कुरकुरला, स्वल्प सरकवून घ्या म्हणाला. वाटेत दोनदा यल्लाप्पाला वाटलं की उतरावं आणि परत फिरावं, आणि हे त्यानं वल्लरीला सांगितलंही.

वस्तीतली पत्र्याची घरं आता विटांची झाली होती. नव्या टाकीला आंब्याची पानं बांधली होती. खाली तोच जुना व्हॉल्व्ह बसवलेला, हळदकुंकू लावलेला. सोयराबाईनं हट्टानं तोच ठेवायला लावला होता. शिवाप्पा नावाचा प्लंबर घामाघूम होऊन त्याच्याशी झटत होता. जाम झालाय म्हणत तो डावीकडे जोर लावत होता. यल्लाप्पाला पाहून बसलेली माणसं उठली. सोयराबाई सोलापूरकडची, सत्तरीची, ताठ. ती झेंडूचा हार घेऊन पुढे आली.

“हार नको, अक्का. आदी ऐका.”

तो सगळ्यांदेखत बोलला. बंद कुणी केलं, उघडलं कुणी, तो कसा उभा राहिला, सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. पाच दिवस बंद ठेवल्याचं मात्र त्यानं दोनदा सांगितलं. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना शेजारचे कुजबुजून सांगत होते, त्यामुळे शांतता एकदम न पडता हळूहळू पसरत गेली.

सोयराबाईनं टाकीपाशी उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं. कावेरी तिचं नाव.

“ही पाचव्या दिवशी झाली,” ती म्हणाली. “दोन घागरीत बाळंतपण केलं म्या. ते दिवस म्या इसरणार न्हाई, अण्णा.”

“इसरू नका.”

तिनं हातातला हार सावरला. “त्या दिवशी त्या सायबाला दिशा सांगितली असती, तर तुमची नोकरी ऱ्हायली असती.”

“ऱ्हायली असती.”

हार तिनं त्याच्या गळ्यात घातला नाही. वाकून तो व्हॉल्व्हला घातला आणि म्हणाली, “चला, सोडा पाणी. माणसं उपाशी हाईत.”

यल्लाप्पानं गोणपाट सोडलं, चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि क्षणभर तिच्यावर हात ठेवून थांबला. मग बाजूला झाला. “तुमी फिरवा, अक्का. उजवीकडं. ह्यो उजवीकडंच उघडतोय. सगळ्यांनी बगून ठेवा, परत कुणी येडं बनवाय नको.”

सोयराबाईनं मूठ धरली. शिवाप्पानं हात लावायला पाहिलं तर तिनं त्याला कोपरानं दूर सारलं. पहिला आटा जड गेला, दुसरा सुटला. आठ झाले तेव्हा चाळीस घरांच्या नळांतून आधी खाकरल्यासारखा हवेचा आवाज आला आणि मग पाणी आलं. कावेरी घराघरांत जाऊन आलं, आलं म्हणून सांगत फिरली.

जेवायला त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, मानाच्या पाटावर नाही. कुणी त्याच्याशी फारसं बोललं नाही, पण वाढताना कुणी त्याचं पान चुकवलंही नाही. निघताना चावी त्यानं सोयराबाईच्या दारामागे उभी करून ठेवली. आपण होऊन तिनं होळग्यांचा डबा त्याच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये पायांशी काही नव्हतं, त्यामुळे त्याला पाय कुठं ठेवावेत ते कळेना. चंदापूर गेल्यावर त्यानं डबा उघडला, एक होळगी वल्लरीला दिली आणि एक स्वतः घेतली.

“काका, साखर?”

“साखर न्हाई मला,” यल्लाप्पा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत सावकाश खाऊ लागला.