पाहुण्यांचा आकडा

“आकडेकाका, पाहुण्यांचा आकडा जरा आरामात, काय?” क्रीडाप्रमुख डोळे मिचकावत म्हणाले.

हे का सांगायला हवं होतं? सत्तावीस वर्षं काका विद्यापीठाच्या बास्केटबॉल मैदानावर, लाकडी बोर्डाला पत्र्याचे आकडे टांगत होते. नदीपलीकडच्या विद्यापीठाशी साप-मुंगसाचं वैर, आणि त्यात काकांचा वाटा एवढाच. आपला गुण झाला की आकडा चटकन लावायचा, त्यांचा झाला की खोकत, पाटी पुसत, रमतगमत. पाहुणे चिडायचे, आपली पोरं हसायची. काकांनाही पूर्वी गंमत वाटायची. आता नुसता कंटाळा यायचा.

यंदा पाहुण्यांच्या संघात त्यांची मुलगी होती. इथं प्रवेश हुकला, तिकडच्यांनी खेळ बघून घेतलं. आज तरी आकडे वेळेवर लावायचे, असं काका घरून ठरवून निघाले होते. पण क्रीडाप्रमुख साहेब बोर्डाशेजारीच खुर्ची टाकून बसले आणि काकांचे हात जुन्या वळणावर गेले. नोकरीची तीनच वर्षं उरली होती. माणूस तेवढ्यालाही भितो.

शेवटचं मिनिट. पाहुण्या मुलींनी बास्केट केली आणि बासष्ट-एकसष्ट अशा पुढे गेल्या. बोर्डावर त्यांचे अजून साठच होते. काका पाटी पुसत होते. तेवढ्यात इकडच्यांचा पास हुकला आणि चेंडू काकांच्या मुलीच्या हातात आला. उरलेले आठ सेकंद नुसता सांभाळला असता तरी जिंकल्या असत्या. त्या गोंगाटात गुण कोण मोजतंय? तिनं बोर्डाकडे पाहिलं, आपण मागे आहोत असं समजली आणि लांबूनच घाईनं चेंडू फेकला. तो कड्यावर आपटून इकडच्या मुलींकडे गेला. त्यांनी धावत जाऊन बास्केट केली आणि शिट्टी झाली.

“काका, आज तुम्हीच जिंकवलंत!” साहेबांनी पाठ थोपटली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैदान पांगल्यावर मुलगी आली. रडून डोळे लाल झाले होते.

“बाबा, गुडघे फार दुखतायत का हो?”

“का गं?”

“आकडा लावायला वेळ लागला ना. मैत्रिणी म्हणतात, हे लोक मुद्दाम करतात. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तिथं माझे बाबा आहेत, त्यांना उठबस होत नाही.”

काकांनी गुडघ्यावर हात ठेवला.

“हो गं. दुखतात.”

तिनं पाट्यांची जड पेटी उचलली आणि कोठीकडे निघाली. काका तिच्यामागून जरा लंगडत चालू लागले. इतके काही गुडघे दुखत नव्हते.